अळणीचा नेम

पुतळ्याला पळसाच्या तीनशे साठ काड्या लागतात, असं भटजींनी आधीच बजावलं होतं. धोंडीबाकाकाने आंबिवलीच्या रानातून चांगल्या चारशे तोडून आणल्या. कल्याणच्या बंदरापर्यंत भारा डोक्यावर, आणि तिथून मीठ भरायला निघालेल्या रिकाम्या मचव्यातून खाडीने दिवा गावाच्या अलीकडे, थेट घराच्या धक्क्याला.

"पुतन्याचं काम हाय," ओटीवर भारा टाकत तो म्हणाला. "काड्या कमी पडून लंगडा नको व्हायला तो."

कोणी हसलं नाही. तो पगडी काढून घाम पुसू लागला.

काही वेळाने सगुणा मिठाच्या आगरावरून आली. पायांना घोट्यापर्यंत चिखल होता आणि तो वाळून पांढरा पडला होता. अंगणात शिरताच ओटीवरच्या घोंगडीवर तिला आपला नवरा आकाराला आलेला दिसला. पाय झाले होते, मांड्या झाल्या होत्या, छाती अर्धी झाली होती. डोक्याच्या जागी ठेवायचा नारळ शेंडी राखून बाजूला सोलून ठेवला होता. ठाण्याहून आलेले भटजी काड्या मोजून देत होते आणि तिचा धाकटा दीर पंढरी त्या दर्भाने बांधत होता. पंढरीचे हात चलाख. आगराचा बांध फुटला की हे हात जसे चालत, तसेच आजही चालत होते.

तिच्या नवऱ्याला, गुणाजीला, जाऊन याच महिन्यात बारा वर्षं झाली होती. मिठाचा मचवा घेऊन तो दक्षिणेला गेला. मचवा परत आला, तो आला नाही. वाटेत कुठल्या बंदरात मचवा हाकणाऱ्या तांडेलाशी भांडून उतरला, एवढंच कळलं. बारा वर्षं ठावठिकाणा नसलेला माणूस शास्त्राने मेलेला धरता येतो. त्याचा पुतळा करून जाळायचा आणि पुढचे दिवस करायचे. घरात हे बोलणं दिवाळीपासून सुरू होतं. आगराचा परवाना गुणाजीच्या नावावर होता आणि यंदा ठाण्याच्या कचेरीतून विचारणा आली होती.

"कचेरीला मानूस जिता तरी लागतो, नायतर मेलेला," पंढरी काकाला समजावत होता. "हरवलेला चालत नाय."

सगुणा हौदावर पाय धुऊ लागली. उंबऱ्याशी तिची सासू रखमाबाई बसली होती. तिने सुनेकडे पाहिलं नाही, पण तिच्यासाठीच बोलली.

"आंघोळ करून घे, बाय. भटजींना तुझ्याकडं काम हाय."

"माझ्याकडं कसलं काम?"

"नेमाचं," रखमाबाई म्हणाली. "आज सोडायचा ना तो."

सगुणाने तांब्या खाली ठेवला. "मी काय सोडनार नाय. त्याचा पुतळा करा, नायतर देऊळ करा. माझा नवरा जिता हाय."

हे ती दिवाळीपासून बोलत होती. आता त्याचा कोणाला रागही येत नव्हता. पावसाळ्यात छपरातून गळणाऱ्या पाण्याखाली जसं भांडं ठेवतात आणि कामाला लागतात, तसं घर तिचं ते वाक्य ऐकून घेई.

भटजी मात्र नवखे होते. त्यांनी काड्या मोजणं थांबवलं. "बाई, नेम असा मध्येच टाकून देता येत नाही, हे तुमचं खरं आहे. त्याची सांगता करावी लागते. त्यासाठी मला संकल्प सांगा. कोणत्या देवापुढे केला होता? तिथी कोणती? किती काळाचा धरला होता?"

सगुणा काही बोलायच्या आत तीन जण बोलले.

"गावदेवीपुढं," रखमाबाई म्हणाली.

"एकवीरेपुढं केला होता ना?" काका म्हणाला. "मना तर एकवीरा सांगितली होती कोनीतरी."

"देव कंचा का असंना," पंढरी म्हणाला. "बारा वर्षं मिठाचा खडा तोंडात नाय. आख्ख्या खाडीला ठावं हाय. कोलशेतची मानसं बघायला येतात. सत्त्व बोलतात तिच्या नेमाला."

"तसं नव्हे," भटजी शांतपणे म्हणाले. "संकल्प बोललेला असावा लागतो. बाई, तुम्ही बोललात काय?"

"मी काय बोलली नाय," सगुणा म्हणाली.

"कोणापाशीच?"

"कोनापाशीच नाय. संकल्प केलाच नाय मी."

भटजींनी पंढरीकडे पाहिलं. "मग याला नेम म्हणता येणार नाही. संकल्प नसेल तर ती नुसती सवय."

सगळ्यात जास्त लागलं ते रखमाबाईला. ती भिंतीचा आधार घेऊन उठली. "सवय? भटजी, मी तुमच्या पाया पडते, पन शब्द जपून वापरा. या घरात तंबाखूची सवय हाय, घोरायची सवय हाय. माझ्या सुनेचा नेम हाय."

सगुणाला हसू आलं. हा शब्द तिच्या सासूने किती उशिरा हातात घेतला होता, ते तिला पक्कं आठवत होतं.

मचवा परत आला त्या दुपारी ती चुलीपुढे होती. निवट्या माशांचं कालवण उकळत होतं आणि तिच्या चिमटीत मीठ होतं. बाहेर तांडेलाचा आवाज आला, गुणाजी वाटेतच उतरला म्हणून. तिचा हात तिथेच थांबला. तो आल्यावर घालीन, असं काहीतरी तिच्या मनात आलं. तेवढंच. चिमटीतलं मीठ तिने परत मडक्यात टाकलं. तेव्हा ती सतरा वर्षांची होती.

पहिले दोन महिने रखमाबाई त्याला खूळ म्हणाली. पाऊस सरेपर्यंत त्याचा हेका झाला. घरात सुके बोंबील, सुकट, खारवलेलं सगळं, आणि ही एकटी ताजी मासळी चिंच-मिरचीत शिजवून खाणार. शिजवायला वेगळी तवली, वेगळा पळा. खाडीकाठच्या विहिरीचं पाणी मचूळ, म्हणून ही वरच्या पाड्यावरून गोडं पाणी आणणार. बायका रखमाबाईला सांगत, दोन थोबाडीत द्या, हेका उतरेल. तिने दिल्याही.

दुसऱ्या साली आगरावर काम करताना खाऱ्या पाण्याचा शिंतोडा तिच्या ओठावर उडाला. मिठागरात खाडीचं पाणी आधी मोठ्या तापवणीत घेतात. तिथे ते उन्हाने आटून दाट झालं की खालच्या लहान वाफ्यांत सोडतात आणि तिथे मीठ धरतं. कधी सोडायचं, यावर सगळं पीक. लवकर सोडलं तर मीठ धरत नाही. ओठ पुसत ती सहज म्हणाली, "अजून दोन दिस." पंढरीने ऐकलं नाही आणि मीठ चिखलात बसलं. पुढच्या खेपेला ऐकलं. मीठ असं आलं की मोगऱ्याच्या फुलासारखं पांढरं. वर्षभर मीठ न लागलेल्या जिभेला पाण्यातला फरक बोटाच्या टोकावरच्या थेंबातूनही कळत होता. तिसऱ्या साली चैत्रात अवकाळी पाऊस आला, त्याच्या चार दिवस आधीच तिने चाखून मीठ ओढून घ्यायला लावलं होतं. आजूबाजूच्या सगळ्या आगरांचं मीठ विरघळून खाडीला गेलं. यांचं राशीत होतं.

त्या उन्हाळ्यात रखमाबाईने पहिल्यांदा शेजारणीला सांगितलं, "माझ्या सुनेचा नेम हाय."

मग त्या शब्दाचे नियमही घरानेच ठरवले. पाणी जिभेवर घेऊन थुंकलं, वर गोड्या पाण्याची चूळ भरली, तर नेम मोडत नाही. दिवसातून पाच वेळा चाखलं तरी मोडत नाही. पण आजारपणात वैद्याने पेजेत मिठाचा खडा सांगितला, तेव्हा मात्र मोडत होता. तेव्हा रखमाबाईने वैद्याला परत पाठवलं होतं.

"आंघोळ करते," सगुणा म्हणाली आणि मागच्या दारी गेली.

जाताना तिला ओटीच्या कोनाड्यात ती पाण्याचा दाटपणा मोजायची काच दिसली. मऊ फडक्यात गुंडाळलेली. पंढरीने दिवाळीनंतर मुंबईहून आणली होती. खाली फुगा, वर बारीक नळी, नळीवर रेघा. पाण्यात सोडली की उभी तरंगते. पाणी जितकं दाट, तितकी ती वर येते. "आथा वयनीच्या जिभेला आराम," असं तो तेव्हा म्हणाला होता, आणि ते त्याने प्रेमानेच म्हटलं असावं.

परवाच तिने त्याला सांगितलं होतं की तळच्या वाफ्यांतलं जुनं पाणी काढून टाक, कडवट लागायला लागलंय. मीठ धरून झालं की जे पाणी मागे उरतं ते तेलासारखं जड आणि कडू होतं. त्यावरच नवं पाणी घेत राहिलं तर सगळं मीठ कडू होतं, ओलसर राहतं, कोणी उचलत नाही. पंढरीने काच सोडून पाहिली होती. "उलट एकदम झकास दाट हाय, वयनी. बघा ना कशी वर आली." काच जडपणा सांगत होती. कडूपणा सांगायला तिला जीभ नव्हती.

मागच्या पडवीत मालन, पंढरीची बायको, दोन चुली पेटवून बसली होती. सहावा महिना चालू होता तिला, उकिडवं बसणं जड जात होतं. एका चुलीवर घराचा भात, दुसरीवर अळणी तवली. आज सुतकाचं घर, चूल पेटायची नाही खरं तर. पण पुतळा जळेपर्यंत सुतक लागत नव्हतं.

"ही तवली आज कशाला ठेवलीस?" सगुणाने विचारलं.

"तुमी खानार नाय ना मिठाचं. मग उपाशी बसाल." मालनने फुंकणी खाली ठेवली. तिचे डोळे लाल होते, पण तो धूर नव्हता. "नऊ वर्षं दोन तवल्या करतेय, वयनी. लगीन होऊन आली त्याच्या दुसऱ्या दिसापासून. सन असो, ताप असो. लोक येऊन तुमच्या पाया पडतात. मी दुसरी तवली घासते."

"मना ठावं हाय."

"तुमाला काय ठावं नाय." मालन पटकन म्हणाली आणि थांबली. तिने ओटीच्या बाजूला कान दिला. भटजींचा मोजण्याचा आवाज येत होता, दोनशे बारा, दोनशे तेरा. मग ती आवाज उतरवून म्हणाली, "वयनी, हे जाळनं थांबवा. तुमी थांबवू शकता. माझा नवरा आग देनार हाय, आनि माझ्या पोटात पोर हाय. जित्या मानसाला आग दिली तर ते कुनावर फिरनार?"

सगुणा तिच्याजवळ बसली. "मी तर दिवाळीपासून बोलते, जिता हाय म्हनून. माझं कोन ऐकतं?"

"तुमी अंदाजानं बोलता." मालनने पदर तोंडाशी धरला. "आमाला ठावं हाय."

पुढचं तिने एका दमात सांगितलं, जणू तोंडातला निखारा टाकून द्यायचा होता. सात वर्षांपूर्वीची गोष्ट. सगुणा वरच्या पाड्यावर पाण्याला गेली होती. धक्क्याला परका मचवा लागला आणि त्याचा तांडेल घरी आला. मालन, लग्नाला दोनच वर्षं झालेली, दाराआड उभी. तांडेल सांगत होता, गुणाजी दक्षिणेत होनावरला असतो, मचव्यांच्या फटी भरायचं काम करतो, तिथलीच बाई केलीय, दोन मुलं. गुणाजीने निरोप दिला होता आणि खूण म्हणून कमरेचा चांदीचा करगोटा काढून पाठवला होता.

"काय निरोप?"

"सगुनाला सांगा, वाट बघू नको, दुसरा घरोबा कर."

तवलीतला भात उकळून झाकण उचलत होता. कोणीच ते सरकवलं नाही.

सात वर्षांपूर्वी, सगुणाने हिशेब केला, मी बावीसची होते. त्यांच्या जातीत पाट लागतो, बाईला दुसरं लग्न करता येतं. बावीसच्या बाईला, बिनमुलाच्या, कोणीही केलं असतं. त्याच साली डोंबिवलीहून तिचा भाऊ एक स्थळ घेऊन आला होता, आणि रखमाबाईने त्याला दारातूनच सुनावलं होतं, "माझ्या सुनेचा नेम हाय, तुना लाज नाय वाटत?" भाऊ मान खाली घालून गेला होता. आणि तिला स्वतःला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता.

ती उठली. "भात उतर," ती म्हणाली. "करपेल."

रखमाबाई माजघरात भाताच्या कणगीशी एकटीच उभी होती. पुतळ्याला नेसवायचं धोतर शोधत होती. सगुणाने दार ओढून घेतलं.

"आये, करगोटा कुठं हाय?"

म्हातारीचा हात धोतरावर थांबला. कुठला करगोटा, असं ती विचारील, असं सगुणाला वाटलं होतं. तिने विचारलं नाही. मग रखमाबाईने कणगीत कोपरापर्यंत हात घातला आणि एक चिंधी काढून तिच्या हातात दिली.

"मालन बोलली."

"कोन बोललं त्याचं काय? तुमी सात वर्षं बोलल्या नाय."

"बोलली असती तर तू गेली असतीस."

"गेली असती."

"मग पानी कोन चाखनार होतं?" रखमाबाई म्हणाली. तिच्या आवाजात लाज नव्हती, थकवा होता. "पोरगा गेला होता. नवरा आधीच गेलेला. तो गेला तेवा पंढरी सोळा वर्षांचा, मागनं पन पान्यातलं काय कळेना त्याला. मना ठावं होतं, तू गेलीस की आगर गेलं. मी काय करायला पायजे होतं?"

"निरोप सांगायला पायजे होता."

"मना वाटायचं, तुझ्या नेमानं तो परत येईल." म्हातारी कणगीला टेकली. "खोटं नाय बोलत. रोज वाटायचं. लोक बोलायचे ना, सत्त्व हाय म्हनून. मना पन खरं वाटायला लागलं. मी तुझी तवली झाकून ठेवायची, कुत्र्यामांजरानं तोंड घालू नये म्हनून. पोटच्या पोरीला जपलं नसतं एवढं जपलं."

"मी दुभती म्हस होती का, जपायला?"

रखमाबाई धोतराची घडी उलगडू लागली.

"आनि आज?" सगुणा म्हणाली. "आज तुमचा पोरगा जिता हाय, तुमाला ठावं हाय. भायेर त्याचे पाय बांधून झालेत. तुमी त्याला जाळनार?"

"बारा वर्षांत एकदा तरी आईला बघायला आला असता तर," म्हातारी म्हणाली आणि तिचं तोंड वाकडं झालं. "त्याला तिकडं पोरं हायत. माझी मालन हितं हाय, तिच्या पोटात हाय ते हितं हाय. परवाना गेला तर ती खानार काय? भटजी बोलतात, समजा परत आलाच, तर पुन्यांदा जन्मल्यावानी सगळं करून घरात घेता येतं. बारसं पन करायचं. सांगितलंय त्यांनी, मी इचारून घेतलं." मग एकदम तिने सगुणाचा हात धरला. "तू थांबव बोललीस तर थांबंल. काका थांबवतील. थांबव मग. मी काय नाय बोलनार."

सगुणाने हात सोडवून घेतला. बारा वर्षांत पहिल्यांदा या घरात आगराबाहेरचं काहीतरी तिच्या एका शब्दावर होतं. ती बोलली, तर गुणाजी जिवंत, ती सवाष्ण, परवाना त्याच्याच नावावर अडकलेला, आणि उद्या सकाळी तीच पाण्याशी, तीच चूळ, तीच तवली. होनावरच्या माणसाची बायको म्हणून मरेपर्यंत.

"मी कशाला थांबवू?" ती म्हणाली. "आंघोळ करून येते. पुतळ्याचं डोकं तेवढं राहिलंय."

खाडीच्या काठी, भरतीची रेघ जिथे संपते तिथे, लाकडं रचली होती. पाड्यावरची पंधरावीस माणसं आली होती. नारळाचं डोकं बसवलेला, धोतर नेसलेला पुतळा बांबूवरून उतरवला. काका पुढे झाला तेवढ्यात सगुणा बायकांतून निघून पुतळ्याजवळ गेली. बायकांनी चितेपर्यंत यायचं नसतं, पण नेमाच्या बाईला अडवणार कोण? तिने चिंधी सोडली, चांदीचा करगोटा काढला आणि पुतळ्याच्या कमरेला बांधला. गाठ नीट मारली.

पंढरीने पेटती काडी मागे घेतली. त्याने ती चांदी ओळखली होती.

ओळखली काकानेही. तो वाकून पाहू लागला. "हा तर माझ्या भावानं घडवलेला. हा गुनाजीच्या कमरेला होता की. गेला तेवा अंगावर होता त्याच्या, मी धक्क्यावर उभा होतो." त्याने मान वर केली. "हा घरात कसा आला?"

"आयेंना इचारा," सगुणा म्हणाली.

सगळ्यांनी रखमाबाईकडे पाहिलं. मालनने पोटावर हात ठेवला होता. खाडीवरून वारा येत होता आणि रखमाबाईचा पदर एकसारखा तोंडावर उडत होता. ती तो बाजूला करत नव्हती.

"जाताना काढून ठेवला होता त्यानं," ती अखेर म्हणाली. "चुकलं तुमचं बघन्यात."

धोंडीबाकाकाने तिच्याकडे पाहिलं, मग पंढरीकडे, मग परत करगोट्याकडे. तो आगरी माणूस होता, डोळ्यांनी तेज होता, आणि त्या दिवशी धक्क्यावर त्याने पाहिलं ते पाहिलं होतं. तो मागे सरला.

"चुकलं असंल," तो म्हणाला. "म्हातारा झालो. चल पंढरी, वारा फिरायच्या आत दे."

पंढरीने आग दिली. पळस ओला होता, धूर फार झाला. धूर मालनच्या अंगावर येत होता. सगुणाने तिला दंडाला धरून वाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला नेलं. नारळ फुटल्याचा आवाज झाला तेव्हा रखमाबाईने हंबरडा फोडला. तो खरा होता.

बांगड्या फुटल्या, कुंकू पुसलं गेलं. घरी परतल्यावर शेजाऱ्यांनी कडू घास आणून ठेवला होता, भात आणि पिठलं. सगुणाला मध्ये बसवलं. तिच्या पानावर भटजींनी मिठाची चिमूट वाढायला लावली. "संकल्प नव्हता, पण असो," ते म्हणाले. "लोक नेम म्हणतात, तर नेम. या चिमटीने तो सुटला असं समजा. घासाला लावून घ्या."

सगुणाने चिमटीकडे पाहिलं. मग हात लांब करून तिने मिठाचं सगळं वाडगं आपल्याकडे ओढलं. यंदाचंच मीठ होतं, तिने चाखून दिलेल्या पाण्याचं, भरड, चौकोनी खड्यांचं. तिने मूठ भरली आणि तोंडात टाकली.

"अहो बाई, एवढं नको," भटजी म्हणाले.

ती चावत राहिली. खडे दाताखाली कुरकुरत होते आणि तो आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, नाकातून वाहू लागलं. जिभेवर आधी आग झाली, मग आगही कळेना. तिने दुसरी मूठ भरली.

"वयनी, जीभ जाईल," पंढरी ओरडला. "थुंका. थुंका ते."

"तिला आवरा रे कुनी," रखमाबाई म्हणाली. ती गुडघ्यांवर सरकत आली आणि तिने सुनेच्या तोंडापुढे आपली ओंजळ धरली, लहान मुलापुढे धरतात तशी. "टाक हितं. बाय माझी, टाक."

सगुणाने गिळलं. मग पाणी प्यायली. विहिरीचं मचूळ पाणी, घरातलंच.

"झालं," भटजी चाचरत म्हणाले. "नेम सुटला."

"सुटायला नेम नव्हता तो," सगुणा म्हणाली. जीभ सुजून शब्द जाड येत होते. "कालवनात मीठ घालायचं राहिलं होतं. तेवढंच होतं ते. बाकीचं तुमी ठेवलेलं नाव."

ऊन कलल्यावर ती आगरावर गेली. कोणी सांगितलं नव्हतं. पाय सवयीने गेले, आणि सवय हा भटजींचा शब्द तिला आता वाईट वाटला नाही. तिने ठरवलं होतं की सकाळच्या पहिल्या मचव्याने डोंबिवलीला भावाकडे जायचं. एकोणतीसच्या विधवेला कोणी करील न करील.

पंढरी तळच्या वाफ्यांच्या बांधावर उभा होता, डोक्याचा गोटा केलेला, हातात काच. तिला पाहून त्याने नजर चुकवली, पण पाणी थांबणारं नव्हतं. तापवणी काठोकाठ भरली होती. जुनं पाणी काढून टाकायचं की त्यावरच नवं सोडायचं, हे आत्ता ठरायला हवं होतं. उद्या उशीर झाला असता.

"वयनी," तो म्हणाला. त्याच्या आवाजात सोळा वर्षांचा पोरगा होता. "सकाळपासून मना काय सुचत नाय. तुमी परवा कडू बोलल्या होत्या. एकदा बघता का? फक्त हे एवढं."

सगुणा वाकली. बोट बुडवून जिभेवर ठेवलं. काहीच नव्हतं, खारट नाही, कडू नाही. जीभ लाकडाची झाली होती. पण अंगठा बोटावर घासला तेव्हा पाणी तेलासारखं सरकलं. बारा वर्षांत हातांनाही पुष्कळ कळू लागलं होतं. जुन्या, कडू पाण्यावर चढते ती लाली तिला वाफ्यावर दिसत होती. त्या पाण्यावर आलेलं मीठ गुरांनीही चाटलं नसतं.

तिने बोट लुगड्याला पुसलं.

"मना चव नाय आथा," ती म्हणाली. "काचेला इचार."

पंढरी उकिडवा बसला आणि त्याने काच पाण्यात सोडली. ती डुलली, स्थिरावली आणि नळीवरच्या वरच्या रेघांपर्यंत बाहेर येऊन उभी राहिली. त्याचा चेहरा उजळला. कित्येक वर्षांनी तो एकट्याने काहीतरी ठरवत होता. त्याने पाणी अडवणाऱ्या उघाडीची फळी उचलली. तापवणीचं स्वच्छ पाणी खळखळत त्या जड, तांबूस पाण्यात शिरलं आणि दिसेनासं झालं.

सगुणा शेवटचा वाफा भरेपर्यंत उभी राहिली.

वरून, घराच्या बांधावरून, मालनची हाक आली. ती कमरेवर हात ठेवून उभी होती. तिने काहीतरी विचारलं, ते वाऱ्याने अर्धंच पोचलं. मग तिने तोंडापुढे ओंजळ धरून पुन्हा विचारलं.

"वयनी, आथापासनं एकच तवली ठेवू?"

"एकच," सगुणा म्हणाली. तेवढ्या लांब ते ऐकू गेलं नसेल, म्हणून तिने एक बोट वर करून दाखवलं.